‘मुलं दमतील’ म्हणून रद्द झालेली राजगडाची सहल

आज सकाळी धाकट्याच्या शाळेतून निरोप आला की, नववीची राजगडाची मुक्कामी सहल पालकांच्या आग्रहावरून रद्द करण्यात आली असून तिच्याऐवजी मुलांना एका वॉटर पार्कमध्ये दिवसभरासाठी नेण्यात येईल. पालकांच्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली होती. गडावर मोबाइलला रेंज मिळत नाही, रात्री थंडी असते, गरम पाणी नसते, अशी कारणे येत राहिली; पण ज्या एका वाक्याखाली सर्वांत जास्त अंगठे उमटले, ते वाक्य होते, "मुलं दमतील." दुपार उलटून गेली तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही.

अहो, दमावीत म्हणूनच तर न्यायची असतात.

१९८७ च्या डिसेंबरात मी नववीत होते. मार्गासनीला एसटीतून उतरून गडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावापर्यंत पायी, तिथून चोरदरवाजाने पद्मावती माची (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी), रात्री देवीच्या मंदिरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून तोरणा, असा आमचा बेत होता. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्याबाहेर पडून उतरू लागले, तर वाळक्या गवताखाली सगळा घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती आणि खडे. माझा पाय दोनदा सुटला. तिसरे पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही मुठींत गवत धरून मटकन खाली बसले आणि आता मी इथून हलणार नाही, असे सांगून मोठ्याने रडू लागले.

आमच्या पी.टी.च्या बाई रांगेच्या पुढे होत्या. त्या परत वर आल्या, सॅक उतरवून माझ्याशेजारी बसल्या, एक संत्रे सोलले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले. त्या ओरडतील किंवा हात धरून खाली नेतील, असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या खालच्या अंगाला उभी राहते. पाऊल टाकायच्या आधी कुठला पाय कुठं ठेवणार, ते मला मोठ्यानं सांगायचं." मग मी हुंदके देत सांगू लागले : डावा पाय त्या काळ्या दगडावर, उजवा पाय गवताच्या बुंध्याशी. दगड हलतो आहे असे दिसले की बाई नुसते "दुसरा बघ" म्हणत. तेवढ्या उतरणीला अर्धा-पाऊण तास लागला असेल. खाली डोंगराच्या सोंडेवर पोहोचले तेव्हा तळहात गवताने चिरले होते आणि मैत्रिणी एका शब्दानेही चिडवत नव्हत्या, कारण त्याही तितक्याच घाबरल्या होत्या.

त्या अर्ध्या तासात मला जे मिळाले, ते नंतरच्या शिक्षणात कुणीही दिले नाही. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा रात्री दोन वाजता कुठल्या कागदावर सही करायची, कुणाला फोन करायचा, पैसे कुठून आणायचे हे काहीही सुचेनासे झाले होते. बाहेरच्या बाकावर बसून मी पुटपुटले, "डावा पाय त्या काळ्या दगडावर," आणि उठून आधी भावाला फोन केला. याला कुणी योगायोग म्हणावे, माझी हरकत नाही.

आता राग कशाचा येतो ते सांगते. याच शाळेने गेल्याच महिन्यात मुलांसाठी ताणतणावाचे व्यवस्थापन या विषयावर कार्यशाळा घेतली. वातानुकूलित सभागृहात, पडद्यावर चित्रे दाखवून, नव्वद मिनिटे मुलांना मनाने कणखर व्हायला सांगितले गेले. चिवटपणा असा पडद्यावर पाहून अंगात येतो का? पाठीवर ओझे असते, पाणी संपत आलेले असते, धुक्यात पुढची वाट दिसत नसते आणि तरी मागच्या मुलीला आपल्या बाटलीतला घोट द्यावा लागतो, तेव्हा तो हाडीमासी खिळतो. चौथीत आपण मुलांकडून राजगड आणि तोरणा घोकून घेतो. तो तोरणा १४०३ मीटर उंच आहे म्हणजे नक्की काय, हे मात्र त्यांच्या गुडघ्यांना कळू द्यायचे नाही!

२०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठले. ८८४८ मीटर. ती पोरे दमली नसतील का? त्यांच्यावर कुणीतरी विश्वास टाकला, त्यांच्याकडून मेहनत करून घेतली आणि मग त्यांना जाऊ दिले. आपण आपल्या मुलांना गुंजवण्यातून पद्मावती माचीपर्यंतसुद्धा जाऊ देत नाही.

अपघात होतात, हे मला मान्य आहे. पावसाळ्यात साठ-सत्तर जणांना दोराविना, माहीतगाराविना गडावर नेणाऱ्यांना तर माझा ठाम विरोध आहे. पण त्यावर उपाय जाणता लीडर निवडणे, मुलांची संख्या कमी ठेवणे आणि वेळेत परत फिरणे हा आहे. सहलच रद्द केली की त्या मुलांना नीट उतरायला तरी कोण शिकवणार?

इतके लिहून झाल्यावर थोडी शांत झाले आहे. "मुलं दमतील" असे लिहिणाऱ्या आईला मी ओळखते. ती एकटीने मुलीला वाढवते आहे आणि तिच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. माझी आईसुद्धा त्या डिसेंबरात स्वारगेटला बस सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होती. बस हलल्यावरच तिने हात सोडला. दोन दिवसांनी माझे चिरलेले तळहात पाहून ती काही बोलली नाही. हळद लावली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मोजे जास्त ने." ते "पुढच्या वेळी" मला अजून ऐकू येते.

धाकटा दुपारी शाळेतून आला तो न जेवता खोलीत जाऊन पडला. मी त्याला उठवून सांगितले आहे की आपण जाणार आहोत. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, फक्त राजगड. माझ्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधले दोन अनुभवी मित्र दोर घेऊन सोबत येतील. आठ मुलांपेक्षा जास्त नेणार नाही. तीन घरांतून होकार आला आहे. त्या आईलाही आत्ताच फोन केला. ती विचार करते म्हणाली, तिने स्वतःही यावे असे मी तिला सुचवले आहे. ज्यांना मुले पाठवायची असतील त्यांनी मला कळवावे. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, विजेरी आणि जाड मोजे हवेत. नवे बूट कृपया घेऊ नका, पहिल्याच चढावर टाचा सोलवटतात.