गल्ल्यावर बस म्हणाले

आज संध्याकाळी मंडईजवळ एका पोराला धुताना पाहिलं. मोबाइल मारला होता त्याने. मोबाइल तिथल्या तिथे परत मिळालाही होता, तरी मारणं चालूच. पंधरा-सोळाचा असेल. एक चप्पल पायात, तुटक्या अंगठ्याची दुसरी हातात घट्ट धरलेली. ज्यांचं काही गेलं नव्हतं तेच पुढे होऊन हात साफ करत होते, बाकीचे शूटिंग करत होते. मी "पुरे आता" म्हणालो, तर एक जण म्हणाला, "काका, तुमचा गेला असता म्हणजे कळलं असतं!"

मी स्वतः चोरी केली आहे. आज लिहूनच टाकतो.

१९८७. आठवीत होतो. शनिवार पेठेत तासावर सायकली देणारं एक दुकान होतं. एका रविवारी तिथली सायकल घेतली, डायनामो काढला आणि जुन्या बाजारात ८ रुपयांना विकला. सायकल रांगेत लावून पळालो. बुधवारी शाळेतून येताना दुकानातल्या काकांनी हाक मारली. खणातून डायनामो काढून पुढे ठेवला. त्यांनीच पिवळ्या रंगाने घातलेला नंबर त्याच्यावर होता. "आज बाजारात मिळाला, १५ ला सोडवून आणला. तुला किती दिले रे?"

"आठ."

"फसवलं की तुला."

एवढंच. नंतर म्हणाले, "मी जेवून येतो. तोवर गल्ल्यावर बस."

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. असेल. सगळीच पोरं अशाने सुधारत नाहीत, हेही मान्य. आणि कोयता घेऊन फिरणाऱ्याला गल्ल्यावर बसवा असं मी म्हणत नाही. पण अठराच्या आतल्या पोरांसाठी या देशात वेगळा कायदा आहे, वेगळं मंडळ आहे, येरवड्याला निरीक्षणगृह आहे. ते सगळं सोडून भर चौकात निकाल लावणारे आपण कोण?

कल्याणीनगरचं लगेच कुणीतरी काढेल. २०२४ मध्ये एका अल्पवयीन पोराच्या गाडीने दोन जीव गेले आणि त्याच्या जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध! माझंही डोकं फिरलं होतं. पण त्या निबंधाला माया म्हणू नका. माझ्या काकांनी आधी डायनामो समोर ठेवला होता, नंबर वर करून. मला कुठेही बघायला जागा ठेवली नव्हती.

गल्ल्याला कुलूप नव्हतं. खण अर्धवट उघडाच, नोटांवर पान्याचं वजन. तासभर मी पाणी प्यायलाही उठलो नाही. एक गिऱ्हाईक रुपया देऊन गेलं तर तो वेगळा मुठीत धरून बसलो, खणात हात घालायची भीती वाटत होती. काका आले, ओल्या मुठीतला रुपया त्यांनी घेतला आणि खणात टाकला. मोजलं काहीच नाही. मग मात्र रडलो. आमच्या घरी त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं मे महिन्यात मी त्यांच्याकडेच पंक्चर काढायला होतो.

मघाशी चिडून लिहायला बसलो होतो. आता त्या पोराचा हातच डोळ्यांपुढे येतोय, चप्पल धरलेला. पोलीस घेऊन गेले तेव्हाही त्याने ती सोडली नव्हती.

सकाळी दहाला चौकीवर जाऊन त्याची चौकशी करणार आहे. मोबाइल ज्यांचा होता तेही तिथे भेटले तर त्यांच्याशी बोलेन. वकील मित्रांपैकी कुणी सोबत येणार असेल, तर रात्रीच फोन करा.