तीन नंबरचं हेल्मेट आणि उघड्यावरचं डोकं

नमस्कार निपाणीकर,

बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळात सामानापेक्षा हात बसवणं महत्त्वाचं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘भारी मोबाईल हातात धरून गरिबाला आधी हात बसव म्हणून सांगायला काय जातंय?’ हे वाक्य लागलं. खुलासा करतो: माझा मोबाईल 16 हजारांचा आहे, आणि त्याची काच नेमकी डाव्या फायर बटणापाशी तडकलीय.

पण तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि ते मी लेखात गाळलं ही माझी चूक. 30 फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला 30 चित्रं दाखवणाऱ्या मोबाईलवर नवं चित्र 33 मिलिसेकंदांनी येतं, 60 वर साधारण 17 नी. (बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये 30 लाच ‘हाय’ म्हणतात, हा एक विनोदच.) एवढा फरक मी सोसेन. सोसत नाही ते मोबाईल तापणं. तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि नेमक्या मारामारीत चित्र अडखळायला लागतं. चार्जरला लावून खेळणाऱ्याचं तर हे ठरलेलंच. मी कव्हर काढून टेबलफॅनपुढं बसतो. आई म्हणते, माणसांना नाही एवढा वारा त्या डबड्याला.

रेंजचंही तेच. माझं आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. घरात पिंग (खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) 40 असतो, तिकडं पावसात 200 च्या वर. आपण भिंतीआड पोचलोय, पण ते सर्व्हरला अजून कळायचंय. समोरच्याच्या पडद्यावर आपण उघड्यावरच पळतोय. तो गोळी घालतो आणि आपण भिंतीमागं मरतो. तिथं कौशल्य काय करणार, कपाळ!

आता जिथं पटत नाही तिथं येतो. ‘नवख्याला चांगली बंदूक, तीन नंबरचं हेल्मेट मिळतच नाही, म्हणून तो मरतो’ असं तुम्ही लिहिलंत. फ्री फायर या दुसऱ्या खेळाबद्दल बोलत असाल तर गप्प बसतो, तिथं बंदुकीच्या स्किननं (रंगीत रूपानं) तिची ताकद खरंच बदलते. पण बीजीएमआयमध्ये सगळेच एका विमानातून रिकाम्या हातांनी उडी टाकतात आणि पैसे मोजून घेतलेल्या रंगीत एम 416 बंदुकीची गोळी साध्या बंदुकीएवढीच लागते. हेल्मेटचा फरक आहे, नाही कोण म्हणतंय? एक नंबरचं 30 टक्के मार अडवतं, दोनचं 40, तीनचं 55. कार 98 या लांब पल्ल्याच्या बंदुकीची गोळी डोक्यात बसली तर दोनवाला जातो, तीनवाला थोडक्यात वाचतो. पण ते डोकं गोळीपुढं आलंच कसं, हा माझा प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी डेथ रिप्ले (आपण कसे मेलो ते पुन्हा दाखवणारी सोय) चालू करून माझे 20 मृत्यू वहीत लिहिले. 13 वेळा बाजूनं किंवा पाठीमागून गोळी आली होती, म्हणजे तो माणूस तिथं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. चार वेळा मी मोकळ्या शेतातून सरळ रेषेत पळत होतो, आडोशाला धुराचा गोळा न टाकता. समोरासमोर भिडून हरलो ते तीनदा. त्यातल्या एकदा त्याच्याकडं तीन नंबरचं हेल्मेट होतं, हे मात्र कबूल.

वही बघून मी बंदुका शोधणं कमी केलं आणि कान उघडे ठेवायला लागलो. हेडफोन साधा वायरचा. आमच्या टोळीत गोकाकची दोन कन्नड पोरं आहेत. त्यांच्याकडून पहिला धडा मिळाला तो ‘हिंदे नोडो’, म्हणजे मागं बघ की रे! एडक्के, बलक्के हे डावं-उजवंही मी असंच शिकलो. त्यातल्या एकाचा मोबाईल माझ्याहून जुना आहे आणि मारलेली माणसं नेहमी त्याचीच जास्त. का, तर तो घराच्या जिन्यावर बसून राहतो आणि पावलं मोजतो. मला तेवढा धीर अजून नाही.

तेव्हा मोबाईल आणि रेंजचं तुमचं दुखणं मान्य. ते मूळ लेखात आज जोडतो. हेल्मेटचं अमान्य.

रविवारी रात्री दहानंतर मी असतो. तुम्ही तुमच्या 30 फ्रेमवर या, मीही सेटिंग त्या ‘हाय’वर उतरवतो. फक्त चार्जिंग आधी करून या ओ, वायर लावून नको.