दाबाच्या मोज्यांनी नसा ‘आळशी’ होतात म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हेरिकोज, म्हणजे पायातल्या फुगलेल्या नसांसाठी घालायच्या दाबाच्या मोज्यांबद्दल एक मेसेज गावोगाव फिरतोय: ‘व्हेरिकोजचे मोजे सहा महिन्यांच्या वर घालू नका. नसांना सवय लागून त्या आळशी होतात, रक्त अडून गाठ होते. मोजा काढला की पाय पुन्हा सुजतो, हाच पुरावा.’ दिवसभर उभे राहणारे मास्तर किंवा नाश्त्याच्या गाडीवर पोहे-तर्री देणारा माणूस असलं वाचून मोजे ट्रंकेत टाकून देतो.

पहिला मुद्दा आळशीपणाचा. पायातलं रक्त वर चढवायचं मुख्य काम नस करतच नाही, पोटरी करते. चालताना पोटरी आवळली की रक्त वर सरकतं आणि नसेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. स्तब्ध उभं राहिलं की घोट्याजवळच्या नसेतला दाब पाऱ्याच्या 80-90 मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागलं की धडधाकट पायात तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा बिघडल्या की तो पुरेसा उतरत नाही, मग सूज येते, कातडी काळवंडते, पुढे जखमही होते. मोजा फुगलेली नस बाहेरून दाबून अरुंद करतो, म्हणून पोटरीची मेहनत वाया जात नाही. पोटरीला सुट्टी मिळत नाहीच. बिघडलेली झडप मात्र मोज्याने दुरुस्त होत नाही. तसं सांगून मोजे विकणाराही थापाच मारतो.

रक्त अडून गाठ? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पायात आधीच रक्ताची गाठ झालेल्या 800 हून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना खरे आणि निम्म्यांना नावापुरते दाबाचे मोजे दोन वर्षांसाठी दिले. खऱ्या मोज्यांनी गाठी वाढल्या नाहीत. नंतर राहणारी सूज-दुखणी टळावी ही अपेक्षाही फोल ठरली, तेही सांगायला हवं. रक्त अडू शकतं ते मोजा दुमडल्यावर. लांब होतो म्हणून गुडघ्याखाली दोन घड्या मारल्या की तिथेच दुप्पट आवळतं आणि संध्याकाळी बोटाएवढा खोल लाल वळ दिसतो. आठवडी बाजारातल्या, फक्त वरचं इलॅस्टिक घट्ट असलेल्या मोज्याचंही तेच. खऱ्या मोज्याचा दाब घोट्याशी जास्त, वर कमी कमी होत जातो.

काढल्यावर सूज येते, हे खरंच आहे. झडपा बिघडलेल्याच आहेत, सूज येणारच. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर जास्तच, कारण उष्णतेने नसा पसरतात. यात मोज्याचा काय गुन्हा?

या मेसेजात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नाही. मोजे किती महिने घातले यापेक्षा ते कोणाच्या पायात आहेत, याला जास्त महत्त्व आहे. पायाकडे रक्त आणणाऱ्या धमन्याच अरुंद असतील तर घट्ट मोजा आहे तेवढा पुरवठाही तोडू शकतो. बिडीने धमन्या अरुंद होतात. खर्ऱ्यातलं निकोटीनही त्या आकसवतं. वावरात थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो नि थांबलं की उतरतो, पाऊल गार पडतं, बोटाची जखम भरत नाही, अशा माणसाने तपासल्याशिवाय मोजा चढवूच नये. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूची नाडी चाचपतात आणि शंका आली तर घोट्याचा नि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. जुन्या शुगरमध्ये पाय बधिर झालेला असू शकतो, मग मोजा रुततोय हे कळतच नाही. अशा शुगरवाल्यांनी रोज मोजा काढून टाचा आणि बोटं बघावीत. आणि एकच पाय एकाएकी सुजून गरम झाला, दुखू लागला तर मोजे शोधत बसू नये, दवाखाना गाठावा. सोबत दम लागत असेल तर तासभरही थांबू नये.

माप सकाळी, सूज चढायच्या आधी द्यावं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रात्री मोजे काढून ठेवावेत. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत त्यांची ताण कमी होते, मग नवी जोडी लागते. मेसेजातला सहा महिन्यांचा आकडा बहुधा इथूनच उचललेला असावा.