क्लॅन भांडणाने मरत नाही

क्लॅन म्हणजे ऑनलाइन खेळात एकत्र खेळणाऱ्यांचा गट, काही खेळांत त्यालाच गिल्ड म्हणतात. बुडालेल्या क्लॅनमधल्या कुणालाही विचारा, काय झालं? भांडणाचीच गोष्ट ऐकायला मिळते. अमका लीडरला उलटून बोलला, तमक्याने लूट लाटली, पाच जण रागारागाने निघून गेले, मग काय राहिलं होतं! मीही बरीच वर्षं हेच सांगत होते. आता मला ते पटत नाही. भांडणं सगळीकडे होतात, जोरात चाललेल्या क्लॅनमध्ये तर जरा जास्तच. क्लॅन मरतो तो त्याची कारकुनी बंद पडते तेव्हा.

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइलवरच्या खेळात 2014 च्या एप्रिलमध्ये क्लॅन वॉर, म्हणजे दोन क्लॅनमधलं युद्ध, आलं आणि त्याच वर्षी आमचा क्लॅन उभा राहिला. क्लॅनची मर्यादा पन्नास. एक काळ असा होता की आमच्या पन्नासही जागा भरलेल्या असायच्या आणि आत यायला लोक थांबलेले असायचे. वॉरमध्ये प्रत्येकाला दोन हल्ले मिळतात, म्हणजे ऐकायला सगळं सोपं. पण समोरच्यांचा सात नंबरचा बेस, म्हणजे गाव, कुणी घ्यायचा? कुणाचा हिरो (खास लढवय्या) अपग्रेडला पडलाय, म्हणून त्याला या खेपेला बाहेर ठेवायचं? क्लॅन कासल, म्हणजे एकमेकांनी दिलेलं सैन्य ठेवायची जागा, भरलेत का? शेवटचे दोन तास उरलेत आणि चौघांचे हल्ले शिल्लक आहेत, त्यांना कुठून हुडकायचं? हे सगळं एक को-लीडर करायचा. मितभाषी माणूस, सगळे त्याला दादा म्हणायचे. लीडर निराळा होता, बोलका, चॅटवर सतत हजर. वॉर जिंकलं की "काय प्लॅन होता लीडर!" असे मेसेज पडायचे. प्लॅन दादाच्या यादीत असायचा, कुणी कुठला बेस घ्यायचा त्या यादीत.

एक दिवस दादाने यादी टाकणं थांबवलं. तो भांडला नाही, क्लॅन सोडून गेला नाही, काही बोललासुद्धा नाही. पहिली दोन-तीन वॉर आम्ही जुन्या सवयीवर जिंकली. मग एकाच बेसवर तिघे तुटून पडायला लागले आणि वरचे दोन बेस तसेच राहायला लागले. दोन-अडीच महिन्यांनी एका हुकलेल्या हल्ल्यावरून जुंपली आणि आठ जण एका रात्रीत गेले. आजही कुणालाही विचारा, त्याला ती रात्र आठवते. यादी कधी थांबली ते कुणाला आठवत नाही. मी तेव्हा स्वतः को-लीडर होते आणि मलाही तारीख सांगता येणार नाही, यातच काय ते आलं.

माझ्या एका क्लॅनवरून सिद्धांत मांडतेय असं वाटत असेल तर ईव्ह ऑनलाइनकडे बघा. 2003 पासून चालू असलेला अंतराळातला खेळ, हजारो खेळाडूंच्या आघाड्या, वर्षानुवर्षं चालणारी युद्धं. तिथली बँड ऑफ ब्रदर्स ही एकेकाळची सर्वात दरारा असलेली आघाडी. तिच्या शत्रूंनी जंग जंग पछाडलं, पण 2009 च्या फेब्रुवारीत ती मोडली ती आतूनच. एक डायरेक्टर फितूर झाला, त्याच्याकडे परवानग्या होत्या, त्याने आघाडी विसर्जित केली. शत्रूने, म्हणजे गूनस्वार्मने, लगेच ते नावही स्वतःकडे नोंदवून टाकलं, म्हणजे परत त्याच नावाने उभं राहायची सोय नाही. तोफ नाही, गोळा नाही, बटणं दाबली गेली. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी जुनी गूनस्वार्मसुद्धा तिच्याच प्रमुखाने आतून मोडली.

त्याच खेळातली बी-आर5आरबी नावाच्या ठिकाणची लढाई तर या पोस्टसाठीच झाली असावी. 27 जानेवारी 2014 ला सुरू झालेली ही लढाई सुमारे 21 तास चालली, साडेसात हजारांहून जास्त खेळाडू त्यात उतरले आणि 75 टायटन जहाजं नष्ट झाली. टायटन म्हणजे खेळातलं सर्वात अवाढव्य जहाज, एकेक बांधायला महिने लागतात. एवढ्या संहाराचं निमित्त काय? त्या भागाच्या ताब्याचं ठरावीक बिल भरायचं राहून गेलं. ताबा सुटला, समोरच्यांनी संधी साधली. हजारो लढवय्ये तयार होते हो, बिल भरलं गेलंय का हे बघणारा त्या दिवशी कुणी नव्हता.

जुन्या लोकांना हे आधीच कळलं होतं असं मला वाटतं. एव्हरक्वेस्ट 1999 साली आला. डझनावारी माणसं मिळून एक ड्रॅगन मारणार आणि त्याच्याकडून दोन-तीनच वस्तू मिळणार. त्या कुणाला द्यायच्या? तिथल्या खेळाडूंनीच डीकेपीची पद्धत काढली: प्रत्येक मोहिमेच्या हजेरीचे गुण आणि गुण खर्चून वस्तू. खेळ बनवणाऱ्यांनी दिलेली ही गोष्ट नव्हती, माणसांनी आपणहून जमाखर्चाची वही घातली. लोक डीकेपीला नावं ठेवतात, त्यात भाव फुगतो, जुने खेळाडू गुणांचा साठा करून बसतात, नव्याच्या वाट्याला काही येत नाही. सगळं खरं. पण वही असलेल्या गिल्डमध्ये निदान कशावरून भांडायचं ते तरी ठरलेलं असतं. वही नसेल तर "लीडरने आपल्या माणसाला दिलं" हा संशय मागे राहतो, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

मग गट उभे तरी कसे राहतात? एकट्याने ओलांडता येणार नाही अशी भिंत खेळ समोर उभी करतो तेव्हा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या पहिल्या पर्वात मोल्टन कोअरसारख्या रेडला, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेला, चाळीस माणसं लागायची. चाळीस! वेगवेगळ्या वेळापत्रकांची, वेगवेगळ्या तऱ्हांची, एका वेळी ऑनलाइन. म्हणून गिल्डं मोठी झाली, प्रेमामुळे नव्हे. प्रेम नंतर येतं. आठवड्यातून तीन रात्री एकाच राक्षसाकडून मार खाल्ल्यावर चाळिसातल्या दहा जणांशी तुमची खरोखर गट्टी जमते.

आणि मग 2007 च्या जानेवारीत वॉरक्राफ्टचं पुढचं पर्व, द बर्निंग क्रुसेड, आलं. त्यातली कराझान ही रेड दहा जणांची, त्यापुढच्या मोठ्या रेड पंचवीस जणांच्या. आकडे कागदावर किती निरुपद्रवी दिसतात बघा. पण चाळिसांची घडी पंचवीसमध्ये बसवायची तर पंधरा जणांना सांगायचं काय? त्यात आधी दहा-दहाचे गट पाडून कराझान करायचं. पहिला गट सगळ्यात तरबेज लोकांचा होतो, त्यांना चांगली सामग्री मिळते, दुसरा गट अडखळतो, तिसऱ्यात हीलर (जखमा भरणारे) कमी पडतात. मग पुन्हा पंचवीस जण एकत्र बसवायची वेळ आली की पहिल्या गटाला वाटतं, या ओझ्यासोबत कशाला? कित्येक गिल्डं तिथे फुटली. त्यांनीही भांडणाच्याच गोष्टी सांगितल्या, पण भांडण खेळाच्या गणितातच पेरलेलं होतं.

यातून कंपन्यांनी धडा घेतला, तो माझ्या मते चुकीचा. 2009 च्या डिसेंबरात वॉरक्राफ्टमध्ये डंजन फाइंडर आला: बटण दाबा, चार अनोळखी माणसं हजर. सोय झाली हे मी नाकारत नाही, रात्री अकराला टँक (मार अंगावर घेणारा खेळाडू) शोधत बसलेल्याला विचारा. पण लहानसहान कामांसाठी आपली माणसं लागेनाशी झाली आणि नव्या माणसाची पारख व्हायची ती जागाच गेली. पुढच्या वर्षी, कॅटक्लिझम या पर्वात, गिल्डलाच लेव्हल आणि सवलती मिळू लागल्या. झालं, सवलतीसाठी गिल्ड! दिसेल त्याला आमंत्रण पाठवून सदस्यसंख्या शेकड्यांनी वाढवलेली गिल्डं आली, त्यात कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मराठीत याला चपखल शब्द आहे, बाजारबुणगे. लष्कर मोठं दिसतं, लढायला उभे राहतात मोजकेच. त्या लेव्हल 2014 मध्ये काढून टाकल्या गेल्या, ते बरंच झालं.

पण बाजारबुणग्यांवर फार राग धरण्यातही अर्थ नाही. निकोलस डुशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी 2006 साली वॉरक्राफ्टच्या खेळाडूंवर एक निबंध लिहिला होता. त्यांना दिसलं ते असं की बरेच लोक बहुतेक वेळ एकट्यानेच खेळतात. इतर खेळाडू त्यांना सोबत म्हणून, प्रेक्षक म्हणून हवे असतात. मला हे वाचून आमच्या क्लॅनमधला एक मुलगा आठवला. वॉरमध्ये कधी नसायचा, पण कुणी हल्ल्यात पूर्ण तीन तारे आणले की त्या हल्ल्याचा रिप्ले पाहून त्यावर लांबलचक मेसेज लिहायचा. त्याला आम्ही "निष्क्रिय" म्हणून किक केलं. मी केलं, खरं तर. त्यानंतर रिप्लेवर बोलणारं कुणी उरलं नाही आणि चॅट एकदम कोरडं पडलं. यादीत न बसणारी कामंही असतात, हे मला उशिरा कळलं.

"लोक मोठे होतात, नोकरी लागते, लग्न होतं, म्हणून गट संपतात" हे उत्तर मी फार मनावर घेत नाही. खेळाडू गळतात तसे नवे येतातही. लढणाऱ्याच्या जागी लढणारा मिळतो. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा मात्र सहजी मिळत नाही, आणि जो मिळतो त्याला आपण ऑफिसर नावाचा बिल्ला देऊन आणखी भाकऱ्या भाजायला बसवतो. बिल्ला हे बक्षीस आहे असं आपल्याला वाटतं. त्याला ती शिक्षा वाटते.

हे मी अंदाजाने लिहीत नाहीये. जुन्यातल्या आम्ही काही जणांनी गेल्या वर्षी नवा क्लॅन काढला. यादीचं काम दर महिन्याला एकाकडून दुसऱ्याकडे जातं. कुरकुर होते, एका महिन्यात तर यादी इतकी वाईट होती की आम्ही सलग चार वॉर हरलो, तरी चाललंय. दादालाही बोलावलं. तो आला, पण एकच अट घालून, साधा मेंबर म्हणूनच राहणार. महिनाभर छान खेळला, दोन्ही हल्ले वेळेत, डोनेशनही भरपूर. मग आमच्यातल्या कुणीतरी उत्साहाने त्याला एल्डर केलं, म्हणजे मेंबरच्या वरचा हुद्दा दिला. दहा मिनिटांत दादा क्लॅनच्या बाहेर.

चार दिवस मनवल्यावर परत आलाय. एल्डर केलेलं नाही.