‘एचडी घ्या, विस्तार कशाला?’ कशाला ते सांगतो

परवा रात्री साडेअकराला आतेभावाचा मेसेज आला: “दादा, हे घेतोय. बरोबर ना?” खाली ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या जुन्या कॉम्प्युटर गेमच्या एचडी एडिशनचा, म्हणजे चित्रं नव्याने केलेल्या आवृत्तीचा स्क्रीनशॉट, आणि त्याखाली तो फॉरवर्ड. महिन्याभरात मला तिसऱ्यांदा भेटतोय. ‘हिरोज ३ घेताय? पैसे वाचवा! पाच मुद्दे.’ लिहिणाऱ्याचं नाव नाही, आत्मविश्वास मात्र ओसंडून वाहतोय.

दुसऱ्या कुणी पाठवला असता तर सोडून दिलं असतं. पण हा पोरगा सांगलीला आत्याकडे माझ्या शेजारी बसून हा खेळ शिकला. कॉम्प्युटर एकच. एकाची चाल सुरू असली की दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसायचं, नकाशा बघायचा नाही. आता पहिल्या पगारातून तो तोच खेळ घेतोय, आणि तोही अर्धाच.

सगळ्यात वेडगळ मुद्दा दुसरा: “एचडी एडिशन २०१५ची, म्हणजे सगळ्यात नवी. त्यात सगळं आलंच.”

नाही आलं. मूळ खेळ १९९९चा, आठ शहरांचा (शहर म्हणजे आपण खेळायला निवडतो तो पक्ष). त्याच वर्षी ‘आर्मगेडन्स ब्लेड’ हा पहिला विस्तार, म्हणजे मूळ खेळात भर घालणारा जोडभाग आला, २००० मध्ये ‘शॅडो ऑफ डेथ’. एचडी एडिशनमध्ये यातला एकही नाही. आणि हे माझं संशोधन नव्हे. विस्तारांचा सोर्स कोड वापरता येईल अशा अवस्थेत हाती नाही, हे कारण एचडी एडिशन काढणाऱ्या खुद्द युबीसॉफ्ट कंपनीनेच तेव्हा दिलं होतं. चित्रं नव्याने केली, आतला खेळ १९९९चाच राहिला. घराला रंग दिला म्हणून वरचा मजला चढत नाही.

म्हणजे तिथे नववं शहर कॉन्फ्लक्स नाही. ते एक वेळ चालेल. पण रँडम मॅपही नाही, आणि खरी बोंब तिथे आहे. ठरलेला नकाशा तीनदा खेळला की सोन्याची खाण कुठल्या डोंगराआड आहे ते पाठ होतं. नकाशा दर वेळी नवा निघाला की पहिल्या दिवशी दोघंही सारखेच आंधळे. आम्ही वर्षानुवर्षं खेळत राहिलो ते या एका बटणामुळे. ते आलं आर्मगेडन्स ब्लेडमधून.

आता पहिला मुद्दा, “विस्तार म्हणजे चार जादा नकाशे.” शॅडो ऑफ डेथने जोडून वापरायच्या वस्तू आणल्या. आतेभावाला कायम नेक्रोपोलिस हे मुडद्यांचं शहरच हवं असायचं, म्हणून त्याच्याच कामाचं उदाहरण देतो. अम्युलेट ऑफ द अंडरटेकर, व्हॅम्पायर्स काउल आणि डेड मॅन्स बूट्स हे तीन तुकडे एका हिरोकडे, म्हणजे सैन्य चालवणाऱ्या सेनापतीकडे जमले की ‘क्लोक ऑफ द अनडेड किंग’ तयार होतो. मग नेक्रोमन्सी (मेलेल्यांना उठवायचं कौशल्य) एक्स्पर्ट असेल तर लढाईनंतर हाडांच्या सापळ्यांऐवजी थेट लिच, म्हणजे मेलेले जादूगार उठतात. याला नकाशे म्हणणाऱ्याने खेळ उघडून तरी पाहिला होता का?

तिसरा मुद्दा, “विस्ताराने तोल बिघडला.” बरं, इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. कॉन्फ्लक्स जड पडतं. इतरांचा सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा प्राणी मुळात आठवड्याला एक वाढतो, यांचे फायरबर्ड दोन. त्यांचा फीनिक्स, म्हणजे सुधारलेला फायरबर्ड, वेगात सगळ्यांच्या पुढे. ग्रेल (नकाशात पुरलेली खास वस्तू) शोधून शहरात बांधला तर हिरोला सगळे मंत्र फुकट शिकायला मिळतात. म्हणून ऑनलाइन खेळणारे बऱ्याचदा कॉन्फ्लक्स वगळूनच खेळतात. तुम्हीही वगळा! घरातल्या घरात कोण अडवतंय? (कॉन्फ्लक्सच्या जागी आधी ‘फोर्ज’ नावाचं यंत्रं-बंदुकांचं शहर येणार होतं. चाहते इतके भडकले की ते रद्द झालं.)

चौथा मुद्दा सगळ्यात नुकसानीचा: “हॉर्न ऑफ द ॲबिस फुकट आहे, तेच टाका.” फुकट आहे, चाहत्यांनी केलेला विस्तार आहे आणि झकास केलाय. समुद्री चाच्यांचं कोव्ह हे शहर त्यातलंच. पण ते चढतं शॅडो ऑफ डेथवर किंवा दोन्ही विस्तारांसकट येणाऱ्या ‘कम्प्लीट’ आवृत्तीवर. एचडी एडिशनवर चढतच नाही. म्हणजे दुसरा मुद्दा ऐकून एचडी घ्यायचं, आणि चौथा ऐकून त्यावर न चालणारी गोष्ट टाकत रात्र घालवायची.

पाचवा, जुनं नव्या स्क्रीनवर बारीक-धुरकट दिसतं. दिसतं खरं. त्यासाठी एचडी मॉड, म्हणजे खेळावर चढवायची छोटी दुरुस्ती आहे, तोही फुकट, आणि तो कम्प्लीटवर चालतो. एचडी मॉड आणि एचडी एडिशन, नावं सारखी आहेत, आणि मला वाटतं फॉरवर्डवाल्याचा सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला.

तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरची कम्प्लीट घे, दोन्ही विस्तार त्यात आहेत, असं त्याला लिहिलं. उत्तर पावणेबाराला आलं: “रद्द केलं. दिवाळीत येतोयस ना? नेक्रोपोलिस माझं. आणि कॅलेंडरकडे बघायचं.”