टेस्टी जेफरसन तुरुंगात परत का आली: एका फिरत्या दाव्याला उत्तर

‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ या अमेरिकन मालिकेतल्या टेस्टी या कैदी स्त्रीची एक छोटी चित्रफीत सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत आहे. पॅरोलवर, म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर राहून भोगण्याच्या अटीवर, सुटून गेलेली टेस्टी पुन्हा तुरुंगात दिसते आणि तिची जिवलग मैत्रीण पूसे तिच्याकडे अविश्वासाने पाहते, एवढाच तो तुकडा आहे. त्याखाली जोडलेला मराठी मजकूर मात्र बरेच काही ठासून सांगतो. टेस्टी आपल्या मर्जीने परत आली. तुरुंगात फुकट खायला-प्यायला मिळते म्हणून आली. पुढे दंगलीत तिने एका अधिकाऱ्याचा खून करून आपला मूळ स्वभाव दाखवला. आणि म्हणून सुटलेल्या कैद्यांना कामावर घेणे किंवा त्यांच्या पुनर्वसनावर पैसा घालणे व्यर्थ आहे, कारण अशी माणसे रक्तातच तशी असतात, असा त्या मजकुराचा आशय आहे. २०१३ ते २०१९ या काळात आलेली ही मालिका मी सातही पर्वे पाहिली आहे, आणि यातली पहिली तीन विधाने तिच्या कथेला धरून नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकतो. चौथे विधान तर मालिकेबद्दलचे उरतच नाही. ते तुमच्या-आमच्या शेजारी राहणाऱ्या माणसांबद्दलचे आहे, आणि ते सोलापुरात इतक्या सहजपणे पुढे पाठवले जावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिले विधान मर्जीचे. चित्रफीत जिथे तोडली आहे त्याच्या पुढच्याच संवादात टेस्टी स्वतः सगळा हिशेब मांडते, आणि तो हिशेब इतका नेमका आहे की मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांत मी त्याची गणना करीन. बाहेर पडल्यावर रोज रात्री ठरल्या वेळेच्या आत घरी असण्याची सक्ती आहे. देखरेख करणारे सांगतील तेव्हा लघवीची तपासणी द्यायची आहे. जिथे आपल्याला कोणी घेणार नाही हे आधीच ठाऊक आहे, अशा ठिकाणी आठवड्याला तीन मुलाखती द्यायच्या आहेत. पिझ्झाच्या दुकानात अर्धवेळ काम मिळाले, पण त्या पगारात भागत नाही, आणि तुरुंगाच्याच शुल्कापोटी ९०० डॉलर अजून फेडायचे आहेत. लांबच्या नात्यातल्या बहिणीकडे दोन खोल्यांत सहा माणसे राहतात आणि टेस्टी तिथे जमिनीवर झोपते. ओळखीची जी माणसे होती, ती गरीब तरी आहेत, तुरुंगात तरी आहेत किंवा नाहीशी तरी झाली आहेत. आजचा दिवस कसा गेला, एवढे विचारणारेसुद्धा कोणी नाही. हे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणते की इथले नियम मला कळतात, इथे मला झोपायला पलंग आहे आणि इथे तू आहेस.

या शेवटच्या वाक्यांवरून ‘तिला तुरुंग आवडतो’ असा अर्थ काढणाऱ्याला मी अगदीच खोटा म्हणणार नाही, कारण ती तसे काहीतरी म्हणते हे खरे आहे. परंतु दोन वाटांपैकी एक वाट चालण्याजोगी असेल तरच दुसरीला मर्जीची वाट म्हणता येते, आणि टेस्टीच्या पुढ्यात चालण्याजोगी वाट कोणती होती, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. पूसे तिच्यावर भडकते हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पूसेचे वडील लष्करी अधिकारी आहेत. तिच्यासाठी तुरुंगाच्या दाराबाहेर कोणीतरी वाट पाहणारे आहे, त्यामुळे सुटका हातची घालवणे ही गोष्ट तिला समजूच शकत नाही. टेस्टी अनाथ मुलांच्या वसतिगृहात वाढली. दत्तक जाण्यासाठी अनोळखी जोडप्यांपुढे गाणे म्हणून दाखवणारी लहानगी टेस्टी दुसऱ्या पर्वात दिसते, आणि तिला कोणीच नेत नाही. पुढे तिला घर, जेवण आणि ‘आपली’ म्हणवून घेण्याची ऊब दिली ती व्ही नावाच्या बाईने, आणि त्याची किंमत म्हणून अमली पदार्थांच्या धंद्याचे हिशेब तिच्याकडून लिहून घेतले. या मुलीच्या आयुष्यात घर आणि गुन्हा एकाच दारातून आत आले आहेत. सुटून ती कुठे जाणार होती, हा प्रश्न त्या चित्रफितीखाली कोणीतरी विचारायला हवा होता.

सोलापूरच्या वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे सुटून आलेल्या माणसाला नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली जाते. खोली भाड्याने घ्यायची तर घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते आणि तिथेच बोलणे थांबते. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रमागावर काम मागायला गेले की ओळखीचे कोण, हा प्रश्न आधी येतो आणि हाताला कसब किती, हा नंतर. बाई असेल तर अडचण आणखी वाढते. या शहरातल्या हजारो बायका पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळतात, आणि दुसरे काही जमले नाही तर तेवढे तरी करता येईल असे आपण सहज म्हणून जातो. पण त्यासाठी आधी घर लागते. सासरचे दार बंद झालेल्या आणि माहेरी भावजयीच्या भरवशावर राहणाऱ्या बाईने ती विडीची पाटी कुठे मांडायची?

दुसरे विधान, फुकटच्या जेवणाचे आणि आरामाचे, फार वेळ घेण्याच्या योग्यतेचे नाही. ज्या तुरुंगाने टेस्टीच्या नावावर ९०० डॉलरची थकबाकी लिहिली आहे, तिथले जेवण फुकट म्हणता येत नाही. त्यातही एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. दुसऱ्या पर्वात कैदी स्त्रियांसाठी नोकरीच्या मुलाखतीची लुटुपुटूची स्पर्धा होते. टेस्टी मन लावून तयारी करते, नीटनेटके कपडे घालते, कंपनीची माहिती पाठ करते आणि जिंकते. जिंकणाऱ्याला खरोखरची नोकरी मिळेल अशी तिची समजूत असते. तुरुंगाच्या अधिकारी बाई तिला सांगतात की कँटीनच्या खात्यात १० डॉलर जमा होतील. आळशी, ऐतखाऊ बाई म्हणून जिची चित्रफीत फिरवली जाते, तिची कामाची ओढ मालिकेने इतक्या स्पष्टपणे दाखवली आहे. चौथ्या पर्वात तुरुंगप्रमुखाच्या कार्यालयात तिला मदतनिसाचे काम मिळते आणि ते ती चोख करते. त्याच पर्वात पूसे जेवणाच्या हॉलमध्ये एका रक्षकाच्या भाराखाली गुदमरून मरते आणि तिचे प्रेत कितीतरी तास तिथेच जमिनीवर पडून राहते. आरामाची जागा म्हणतात ती ही.

तिसरे विधान, खुनाचे, साफ खोटे आहे. दंगलीची सुरुवात कशातून झाली ते आधी पाहावे लागेल. पूसेच्या मृत्यूनंतर तुरुंगप्रमुख पत्रकारांपुढे निवेदन करतो, मारणाऱ्या रक्षकाची बाजू सावरून धरतो आणि मेलेल्या मुलीचे नावसुद्धा घेत नाही. हे ऐकून टेस्टी कार्यालयातून धावत सुटते. त्यानंतरच्या दंगलीत, म्हणजे पाचव्या पर्वात, कैद्यांच्या वतीने वाटाघाटी तीच करते. शिक्षण, आरोग्य, वागणूक यांबाबतच्या बहुतेक मागण्या मान्य होत आलेल्या असताना पूसेला न्याय मिळाल्याशिवाय करार नाही, या मुद्द्यावर ती अडून बसते आणि हातातले सगळे निसटते. तिचा हा निर्णय चुकला, असे माझे मत आहे, आणि इतर कैद्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली हेही मान्य केले पाहिजे. परंतु ती चूक मैत्रिणीच्या दुःखातून झालेली आहे. तिच्यात कुठे खुनी वृत्ती शोधायची असेल तर तसा प्रसंगही मालिकेत आहे: कैद्यांचा छळ करणारा अधिकारी पिस्काटेला तिच्यासमोर आहे, तिच्या हातात भरलेले पिस्तूल आहे, आणि ती गोळी झाडत नाही. तो जिवंत बाहेर पडतो. त्यानंतर छापा घालणाऱ्या पथकातल्याच एकाच्या गोळीने तो मरतो आणि ते पथक आपली चूक लपवण्यासाठी खुनाचा आळ कैद्यांवर टाकते. सहाव्या पर्वातल्या खटल्यात खरे ठाऊक असलेली तिचीच सोबतीण सिंडी स्वतःची शिक्षा वाचवण्यासाठी तिच्याविरुद्ध साक्ष देते आणि टेस्टी दोषी ठरते. प्रेक्षकाने सत्य डोळ्यांनी पाहिलेले असते आणि तरीही न्यायाधीशांसमोर ते टिकत नाही. टेस्टीच्या कथेचा सगळा भार या विसंगतीवर उभा आहे. चित्रफितीखालच्या मजकुराने त्या बनावट आळालाच पुरावा मानले आहे, म्हणजे मालिकेतल्या त्या पथकाचेच काम पुढे चालवले आहे.

आता चौथे विधान, रक्तातच गुन्हेगारी असण्याचे. हे वाक्य लिहिणारा सोलापूरचा असेल, तर त्याने एकदा सेटलमेंट फ्री कॉलनी या वस्तीच्या नावाचा इतिहास विचारून पाहावा. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथे ठेवलेल्या पारधी, कैकाडी आणि इतर कुटुंबांतली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि ठरल्या वेळी परत येऊन हजेरी देत. हजेरी चुकली तर तोच गुन्हा ठरे. कोणी काय केले आहे, याची चौकशीच नव्हती. ती मुले कुंपणाच्या आत जन्मली होती, एवढे पुरेसे होते. स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस विमुक्त दिन म्हणून आजही पाळला जातो. तरीही तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत त्या विचाराचे अवशेष इतके टिकून होते की ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवावी लागली आणि विमुक्त जमातींच्या माणसांना केवळ जन्मावरून सराईत गुन्हेगार समजता येणार नाही, हेही बजावावे लागले. ज्या शहराने हजेरीचे ते कुंपण पाहिले आहे, तिथे ‘रक्तातच असते’ हे वाक्य एका चित्रफितीसोबत फिरते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

आणखी एक आकडा या विधानाच्या आड येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ७५.८ टक्के कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. दर चार कैद्यांमागे तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नसताना तुरुंगात राहिलेल्या प्रत्येकाच्या रक्ताविषयी बोलणे हा अन्याय आहे. जामीन मंजूर होऊनही जातमुचलका आणि जामीनदार यांची सोय न झाल्यामुळे आत राहणारी माणसे यांतच असतात.

राहिला पुनर्वसनावरचा पैसा. मजकूर लिहिणाऱ्याने सातवे पर्व पाहिले असते, तर हे विधान त्याला करताच आले नसते, असे मला वाटते. जन्मठेप झालेली टेस्टी त्या पर्वात आधी पूर्ण खचते, आत्महत्येचा प्रयत्न करते, आणि मग दुसऱ्या कैदी स्त्रियांना शालेय परीक्षेसाठी शिकवू लागते. तिच्याकडे शिकणारी पेन्सॅटकी आपण नापास झालो या समजुतीने नशेकडे वळते आणि त्यात मरते. ती पास झाली होती हे नंतर टेस्टीला कळते. याच काळात पूसेच्या नावाने एक निधी सुरू करण्याची कल्पना टेस्टी मांडते. सुटून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना पहिल्या दिवसांसाठी छोटी कर्जे देण्याचा हा निधी आहे, आणि मालिकेच्या निर्मात्यांनी याच नावाचा खरा निधीही २०१९ मध्ये उभा केला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडून शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते तुरुंगातल्या कामाच्या मजुरीतून फेडले जाते. कैद्याच्या घरची नड, मुलांचे शिक्षण, वकिलाची फी यांसाठी ते वापरता येते. मजुरी मिळवून कर्ज फेडू शकणारा माणूस म्हणून एका सहकारी बँकेने कैद्याकडे पाहिले आहे. टेस्टीच्या निधीतले कर्ज मात्र दाराबाहेर पाऊल टाकल्यावर मिळते, त्या पहिल्या काही आठवड्यांसाठी, जेव्हा ती स्वतः बहिणीच्या घरी जमिनीवर झोपत होती आणि ९०० डॉलर कुठून आणायचे याचा विचार करत होती.