तोंडातली गाठ मऊ आहे, म्हणून साधीच का?

'तोंडात निळसर, मऊ, न दुखणारी गाठ आली की ती म्यूकोसील. सुईने पाणी काढलं की काम झालं, बायोप्सी कशाला?' हा मजकूर बराच फिरतोय.

'ती म्यूकोसीलच.' खालच्या ओठाच्या आत, दात लागल्यावर आली असेल तर बहुधा हो. लाळेची बारीक नळी फाटते आणि चिकट लाळ भोवती साठते. या फोडाला पेशींचं अस्तरच नसतं, म्हणजे खरं तर ती सिस्ट (अस्तर असलेली द्रवाची पिशवी) सुद्धा नव्हे! पण छोट्या लाळग्रंथी ६०० ते १००० असतात आणि त्या गाल, जीभ, टाळू अशा सगळीकडे विखुरलेल्या. वरच्या ओठात असा म्यूकोसील क्वचितच होतो. तिथे टणक गाठ लागली तर आधी ट्यूमरचा विचार करावा. टाळूवर किंवा शेवटच्या दाढेमागे तर म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथींचा कर्करोग हुबेहूब तशीच निळसर, मऊ गाठ घेऊन येऊ शकतो. गाठ कुठे आहे, हे त्या मजकुरात कोणी विचारतच नाही.

'दुखत नाही.' सावकाश वाढणारा कर्करोगही बराच काळ दुखत नाही.

'सुईने पाणी काढा.' म्यूकोसीलमध्ये बिघडलेली ग्रंथी जागेवरच राहते, त्यामुळे गाठ पुन्हा भरते. आणि कार्सिनोमातूनही नुसता चिकट द्रव येऊ शकतो; त्यात पेशी इतक्या थोड्या असतात की एफएनएसीचा (सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीचा) 'काही आढळलं नाही' हा रिपोर्ट फसवतो.

'बायोप्सी कशाला?' कारण उत्तर गाठीच्या भिंतीत असतं. अस्तर नाही, नुसती सांडलेली लाळ आणि ती गिळणाऱ्या फेसाळ पेशी दिसल्या, तर म्यूकोसील. पातळ, एकसारखं अस्तर असेल तर नळीची सिस्ट. आत बोटांसारखे उंचवटे वाढलेले असतील तर सिस्टअॅडिनोमाचा, म्हणजे कर्करोग नसलेल्या ट्यूमरचा विचार. आणि लाळ बनवणाऱ्या, खवल्यांसारख्या व मधल्या अशा तीन जातींच्या पेशी भिंतीत घुसताना दिसल्या, तर म्यूकोएपिडर्मॉइड. हे एखाद्याच कोपऱ्यात असू शकतं, म्हणून चिमूटभर तुकड्यावर भागत नाही. गाठ लगतच्या ग्रंथींसकट काढून पूर्ण भिंत तपासावी लागते. तरी शंका उरलीच, तर एमएएमएल२ या जनुकातली फेरजुळणी (जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं) शोधतात. ती सापडली तर निदान पक्कं व्हायला मदत होते. न सापडली म्हणून कार्सिनोमा नाही, असं मात्र म्हणता येत नाही.